सुई टेकत नाही

वाकडच्या बाराव्या मजल्यावर, गुरुदत्तच्या हॉलमध्ये अकरा माणसं डोळे मिटून रेकॉर्ड ऐकत होती. सोसायटीच्या ग्रुपवर त्यानं कळवलं होतं, 'डिजिटलला आत्मा नसतो. घरी जुन्या तबकड्या असतील तर जरूर आणा.'

"ही खरखर ऐका," गुरुदत्त कुजबुजला. "जिवंत आहे."

खालच्या मजल्यावरच्या अर्जुनरावांचे डोळे मात्र उघडे होते. चौतीस वर्षं कंपनीच्या टूलरूममध्ये लेथवर काढलेला माणूस. काही फिरताना दिसलं की आधी टोकाकडे बघणार.

"गुरुदत्तराव, सुई टेकलेली न्हाई."

सगळ्यांनी डोळे उघडले. तबकडी फिरत होती. सुईची दांडी तिच्या केसभर वर अधांतरी होती. गाणं कपाटावरच्या स्पीकरमधून येत होतं.

"काका, ओरिजिनल आहे ती. वाजवली की झिजते," गुरुदत्त जराही न वरमता म्हणाला. "गाणं मोबाइलवरून सोडलंय. खरखरीचा इफेक्ट टाकून."

"मस्त जमलाय," कुणीतरी म्हणालं. दोघांनी पुन्हा डोळे मिटलेसुद्धा.

रिजेक्ट केलेला जॉब पॉलिश मारून परत आलेला बघावा, तसं अर्जुनरावांनी त्या दोघांकडे बघितलं.

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोच्या, मंजुळाबाईंच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली तबकडी होती. एकोणिसाव्या वर्षी गायलेलं त्यांचं एकुलतं एक गाणं. घरात मशीन कधी आलंच नाही. स्वतः गाताना कानावर पडलं, तेवढंच.

"आमची एवढी लावता का?"

गुरुदत्तनं ती कव्हरातून काढून उजेडात धरली. "आजी, कव्हर अप्रतिम! पण तबकडीला बुरशी आहे हो. माझी सुई बावीस हजारांची आहे. फोटो काढू का हिचा?"

"ऱ्हाऊ द्या. सुई आमची हाय," अर्जुनराव उठले. "आधी त्यो मोबाइल बंद करा."

त्यांनी वरची तबकडी उतरवून मंजुळाबाईंची ठेवली. कार्यक्रमपत्रिकेच्या जाड आर्टकार्डाची सुरळी केली, निमुळती. मंजुळाबाईंनी खांद्याची सेफ्टी पिन काढून दिली. ती सुरळीच्या टोकात खोचून ते थांबले.

"खरवडंल बरं का. परत वाजायची न्हाई."

"एकदा तरी वाजू द्या."

अर्जुनरावांनी पिन फिरत्या तबकडीवर टेकवली. सुरळीतून आवाज निघाला. डासाएवढा, कोवळा, पण वरच्या पट्टीत बेधडक गेला. मंजुळाबाई कान देऊन पुढे वाकल्या.

"खरखर फार आहे," गुरुदत्त म्हणाला.

तीन मिनिटांनी गाणं संपलं. पिनेच्या टोकाला काळी पूड लागली होती. मंजुळाबाईंनी ती पुसली नाही. पदर सारखा केला आणि पिन तशीच खांद्याला लावली.