शलाकाचं पदक

"माझे बाबाच माझे कोच आहेत. त्यांनी मला असलं काही देणं शक्यच नाही," चौकशी समितीसमोर शलाका ठासून म्हणाली. राष्ट्रीय जलतरण स्पर्धेत तिनं सुवर्णपदक जिंकलं होतं आणि नंतर तिच्या लघवीच्या तपासणीत बंदी असलेलं औषध सापडलं होतं. शेजारी बसलेल्या भास्कर तांडेलांनी मान खाली घातली.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर ती त्यांनाच धीर देऊ लागली. "बाबा, लॅबचाच काहीतरी घोळ असेल. आपण पुन्हा तपासायला लावू."

तिचा तो विश्वास तांडेलांना सोसवेना.

"घोळ नाही, बाळा," ते कसेबसे म्हणाले. "रोज सकाळी व्हिटॅमिन म्हणून देत होतो ना, ते व्हिटॅमिन नव्हतं. दर वेळी भारताच्या संघातली तुझी जागा थोडक्यात हुकायची. मला ते बघवेना."

ती ओरडेल, रडेल, निदान हात तरी झिडकारेल, असं त्यांना वाटलं होतं. ती नुसती बघत राहिली.

"मी आत्ता आत जाऊन सगळं कबूल करतो."

"करा. पण आधी मला सांगा," तिनं हळूच विचारलं, "त्या पदकात माझं किती होतं?"

'सगळंच तुझं होतं, पोरी,' हे शब्द तांडेलांच्या अगदी ओठांवर आले. पण आता आपण काहीही म्हटलं तरी तिला ते खरं वाटणार नाही, हे त्यांना तिच्या डोळ्यांत दिसलं.