बेडक्याची डबी

शिलाई कारखान्यात तपासणी लागली. जिच्या बेडक्यात क्षय निघेल तिला फाटकाबाहेर काढणार, असं मुकादमानं सांगितलं. औषधाबद्दल हरामखोर चकार शब्द बोलला नाही. मला महिनाभर खोकला होता. संडासात, माझ्यासोबतच कामाला असलेल्या जावेनं माझ्या हातातली डबी हिसकावली.

"आण इकडं. म्हशीसारखी धडधाकट आहे मी. दोन्ही भरते."

"आणि पकडलं तर?"

"अगं, थुंकीवर काय तोंड छापलेलं असतं?"

तोंडात पदर कोंबून दोघी हसलो.

आज निकाल आला. दोन्ही डब्यांत क्षय.

 मला तर खोकायचंही सुचेना. लेकीला माझी बाधा नको म्हणून महिनाभर मी तिला जावेच्या कुशीत झोपवत होते.