कॉलरमधला टॅग

कालच्या व्हिडिओत तिने घातलेला महागडा कोट दुकानात परत केला की त्या पैशांतून क्रेडिट कार्डाचा हप्ता भागणार होता. दुपारपर्यंत भरला नाही तर वसुलीवाला घरी येऊन तिच्या आईसमोर सगळा पाढा वाचणार होता. नेहमीप्रमाणे कॉलरमध्ये खोचलेला टॅग बाहेर काढायला तिने बोट घातलं, तर तिथे टॅगच नव्हता. “आई, याचा टॅग?” “कापला. दोराही काढून टाकला,” शिलाई मशीन न थांबवता आई म्हणाली. “कुणी सांगितले होते नसते उपद्व्याप? टॅगशिवाय कोट परत घेत नाहीत!” मशीन थांबलं. “परत? मला वाटलं, तुझाच आहे. व्हिडिओत सारखी मान खाजवत होतीस गं.” त्या व्हिडिओवर हजारोंनी बदाम उधळले होते, मानेवरचा ओरखडा एकीलाच दिसला होता. आईने मलमाची डबी उघडली तोच बेल वाजली. डबी हातात घेऊनच आई दाराकडे गेली.