पुसलेली किल्ली

वाचनालयातल्या कपाटाचं कुलूप बदललं की जुनी किल्ली फेकायची, ही कुंडलिकरावांची चाळीस वर्षांची शिस्त. आज सकाळीही एक कचऱ्याच्या डब्यात गेली. पाठोपाठ इंटरनेटवर, क्लाउडमध्ये साठवलेल्या कुलूपबंद ध्वनिमुद्रणांसाठी नवी डिजिटल किल्ली बनवून त्यांनी तिथलीही जुनी पुसली. आणि कोलशेतच्या मिठागरांत राबलेल्या म्हाताऱ्यांच्या, त्यांनी स्वतः मुद्रित केलेल्या आठवणी उघडेनात. निम्मे जण आता हयातही नव्हते. तासभर कुढून त्यांनी मदतीला आलेल्या सुनेला हाक मारली. "रचना, सगळ्यांना मी पुसलं गं!" "बाबा, नवी किल्ली नव्या मुद्रणांपुरती. जुनं उघडायला जुनी ठेवायची असते," ती हसली. "पण तुमच्यासारखे असतात म्हणूनच पुसलेली किल्ली तीस दिवस बाजूला ठेवतात. 'पुसणं रद्द करा' दाबा." त्यांनी दाबलं. "पोरा, मशीन चालू झाली का रं?" लॅपटॉपमधून वर्षापूर्वी वारलेल्या शेवंतीमावशी खणखणीत बोलल्या. "झाली, मावशी, झाली," कुंडलिकराव पुटपुटले. उठून त्यांनी डब्यातली किल्ली खिळ्याला अडकवली.