माजी आमदारांची पंगत

"माजी आमदार आबासाहेब यांचं मंडपात आगमन झालं आहे!" माइकवाल्यानं पुकारलं आणि त्या 'माजी'वर आमचे हे ठेच लागल्यासारखे थबकले. निवडणूक हरल्यानंतरचं हे पहिलंच लग्न. मी मागून हळूच ढकललं, "चला."

आशीर्वादाच्या भाषणाला कुणी बोलावलं नाही. मंगलाष्टकाही यांच्यासाठी थांबल्या नाहीत. अक्षता पडल्या, तसे हे सवयीनं गाडीकडे वळले. आमदार होते तेव्हा दिवसभर मांडवामागून मांडव पालथे घालायचे, पण जेवायचे एकाही ठिकाणी नाहीत. पुढचं लग्न खोळंबलेलं असायचं.

"आता कुठं निघालात? पुढं कुणी वाट बघत नाहीये," मी म्हटलं.

हे गाडीपासून माघारी फिरले. मग एकदम हसत सुटले, चपला काढल्या आणि पंगतीत मांडी ठोकून बसले. वाढपी बिचकला. यांच्या शेजारच्या पानावर बसत मी त्याला सांगितलं, "हात आखडू नका. चार निवडणुकांचे उपाशी आहेत."

जिलेबी दुसऱ्यांदा फिरत होती तेव्हा यांचा फोन वाजला. मीच उचलला. पक्षाचे अध्यक्ष होते. "वहिनी, आबांना विधान परिषदेवर पाठवतोय. पुन्हा आमदार! लगेच मुंबईला निघायला सांगा."

मी फोन यांच्या कानाला लावला. माझा घास हातातच राहिला.

यांनी मठ्ठ्याचा भुरका मारला आणि माइक नसताना अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं, "दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, साहेब! माजी आमदार पंगतीला बसलेत. अजून मसालेभात यायचाय!"