छावणीतली उचकी

मनकर्णा दुधाच्या टेम्पोपुढं आडवीच झाली.

"पंडितदादा, मालक दावणीतच कोसळलेत. तेवढं दवाखान्यात पोचवा!"

संघाचा टेम्पो, त्यात उन्हानं दूध नासायची धास्ती. पंडितनं चारा छावणीकडं नजर टाकली. आश्रुबा पाचटावर पडून ओकत होता.

"चढवा. चेअरमन काय बोलायचं ते बोलंल."

मनकर्णानं नवऱ्याला एकटीनंच काखेत धरून कॅनांच्या मधी बसवलं.

"मावशी, उजवा हात काढा. पत्रा तापून लाल झालाय!" पंडित ओरडला.

"मला काय न्हाई व्हत." सकाळपासून हाका मारून तिचा घसा बसला होता.

टेम्पो निघाला. नदी कोरडी, विहीर कोरडी, आभाळाचीही जीभ कोरडी. रस्ता सरळ होता, तरी ती सारखी डावीकडं कलंडत होती. पोटात अन्न नव्हतं, त्याचीच ही घेरी. त्यात उचकी थांबेना.

"कोण एवढी आठवण काढतंय?" गाडी हाकता हाकता पंडितनं मागच्या खिडकीतून विचारलं.

"लेक. आष्टीला दिलीय. बापाचं तिच्या जिवाला कळलं असंल."

पंडितनं पाण्याची बाटली मागं दिली. तिनं घेतलेला घोट नाकातून बाहेर आला.

"ह्यांच्या काळजीनं पाणीबी उतरंना," ती पदरानं तोंड पुसत पुटपुटली. मग डोळे मिटले. देवा, माझं आयुष्य घे, पर माझं कुंकू राख.

दवाखान्यात एकच खाट मोकळी होती. आश्रुबाला तिच्यावर निजवलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला हात वर करायला लावले, जीभ बघितली, नाडी धरली. मग त्या मनकर्णाकडं वळल्या.

"मावशी, तुमची डावी पापणी कधीपासून खाली आलीय?"

"माझं ऱ्हाऊ द्या हो बाई. आधी ह्यांचं बघा. वाचतेल ना?"

बाईंनी तिच्या उजव्या मुठीत बर्फाचा खडा ठेवला. बोटांमधून पाणी गळायला लागलं.

"कसं लागतंय?"

"काय ठिवलंय त्यात?"

बाईंचा चेहरा उतरला. "सिस्टर, यांना पाण्याचा थेंबही पाजू नका. मेंदूच्या बुंध्यात झटका आलाय. ही उचकी, हा बसलेला आवाज, सगळं त्याचंच. हातापायात ताकद आहे, म्हणून कुणाला कळलं नाही. स्कॅनची तयारी करा, पळा!"

मग त्या खाटेकडं वाकल्या. "काका, तुम्हाला ऊन लागलंय, सलाईननं उतरेल. खाली उतरा, ही खाट मावशींना द्या."