दहावी प्रत

सोमवारी सकाळी ज्योतीने पाहिलं, तर रेपो पुन्हा दोन जीबीचा झाला होता. शनिवारी तिने तो घासूनपुसून नव्वद एमबीवर आणला होता.

जळगावच्या त्या छोट्या ऑफिसात केळी पिकवण्याच्या शीतगृहांसाठी प्रोग्राम लिहिले जात. सगळं काम आणि त्या कामाचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास एका सामायिक कोठारात राही, तो हा रेपो. सात वर्षांत लोकांनी त्यात काय नाही कोंबलं? पिकत्या केळ्यांचे फोटो होते, कोणाच्या तरी साखरपुड्याचा व्हिडिओही होता. ज्योतीने ते सगळं मुळापासून काढलं. मग नऊही जणांच्या डोक्यावर उभं राहून प्रत्येकाच्या मशीनवरची जुनी प्रत पुसायला लावली. जुनी प्रत कुठे एक जरी उरली आणि तिच्यातून कोणी काही पाठवलं, तर काढलेला सगळा कचरा परत येऊन बसतो. नऊ माणसं होती, नऊ प्रती गेल्या. मग हे आलं कुठून?

तिने पुन्हा साफ केलं. मंगळवारी नऊ वाजता ती स्क्रीनसमोर डोळ्यांत तेल घालून बसली. नऊ वाजून एक मिनिटाने काहीतरी येऊ लागलं. पाठवणाऱ्याचं नाव उमटलं आणि ज्योतीने ते पुन्हा एकदा वाचलं.

कुंदन पाटील.

कुंदन आठ महिन्यांपूर्वी काविळीने गेला होता. त्याच्या दशक्रियेला सगळं ऑफिस धुळ्याला जाऊन आलं होतं.

"हॅकर असेल," मालक अभिमनभाऊ म्हणाले, पण खुर्ची त्यांनी हळूच स्क्रीनपासून दूर सरकवली. दुपारपर्यंत ऑफिसात सगळे दबक्या आवाजात बोलू लागले. कुंदनच्या जुन्या टेबलावर रोज डबा खाणाऱ्या रुपचंदने त्या दिवशी जिन्यात बसून खाल्लं.

ज्योतीने धीर करून आलेलं उघडलं. जुन्या कचऱ्याशिवाय होते ते कुंदन गेल्यानंतरचे नुसते फोटो. दर दिवसाला एक, आठ महिन्यांत एकाही दिवसाचा खाडा नाही. प्रत्येकात तीच रिकामी खुर्ची, मागे तीच भिंत. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान तेवढं महिन्यामहिन्याला बदलत होतं. एका फोटोच्या कोपऱ्यात लुगड्याचा काठ आला होता.

तो पाहिला आणि तिला सगळं आठवलं. लॉकडाऊनमध्ये सगळे घरून काम करत, तेव्हा अभिमनभाऊंनी नऊच्या हजेरीचं खूळ काढलं होतं. कुंदनने त्यासाठी चिमुकला प्रोग्राम लिहिला. एक बटण दाबलं की कॅमेरा फोटो काढी आणि सरळ रेपोत टाकी. पोहोचला तर हिरवी खूण, नाही तर लाल. दुसरी जागा शोधायचा आळस, दुसरं काय! नऊ वाजून पाच मिनिटांपर्यंत कोणाचा फोटो आला नाही, तर ज्योतीने त्याला फोन करायचा. पुढे सगळे ऑफिसात परतले. आई एकटी म्हणून कुंदन धुळ्यालाच राहिला आणि त्याची हजेरी तेवढी चालू राहिली. पठ्ठ्या झोपून राहिला की फोन त्याची आई, प्रमिलाबाई, उचलत. "उठाडस वं त्याले," उठवते गं त्याला, असं अहिराणीत म्हणून आधी ज्योतीचीच विचारपूस करत.

लॅपटॉप कुंदनचा स्वतःचा होता. तो घरीच राहिला आणि त्याच्यात दहावी प्रत. ती कोणाच्या लक्षातच आली नव्हती. कुंदन गेल्यावर त्याची हजेरी उघडून बघणारंही कोणी उरलं नव्हतं.

"म्हणजे म्हातारी रोज मुलाची हजेरी लावतेय," ज्योती म्हणाली. तिला रडू आलं. अभिमनभाऊही चष्मा पुसत बसले.

"बंद करून टाक," शेवटी ते म्हणाले. "रेपोसाठी नाही म्हणत मी. मुलगा गेलाय हे त्या माउलीला कधीतरी पचवावंच लागेल ना?"

बुधवारी ज्योतीने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. काय सांगणार? 'मावशी, आता त्याची हजेरी लावू नका'? तिने कुंदनची रेपोत काही पाठवायची परवानगी रद्द केली, रेपो तिसऱ्यांदा साफ केला आणि घरी गेली.

गुरुवारी नऊ वाजले, सव्वानऊ झाले. काहीच आलं नाही. रेपो नव्वद एमबीवर ठाम होता. अभिमनभाऊंनी खूश होऊन सगळ्यांसाठी कचोऱ्या मागवल्या. ज्योतीने आपली कचोरी बाजूला सारली, पण एक वाईट काम पार पडलं असं तिने स्वतःला समजावलं.

दहा वाजून पाच मिनिटांनी तिचा फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, कुंदन. शेजारच्या रुपचंदच्या हातातली कचोरी खाली पडली. ज्योतीने फोन कानाला लावला.

"ज्योती शे का?" प्रमिलाबाईंचा आवाज होता. "आज लाल उनं, पोरी." हिरवीऐवजी लाल खूण आली होती.

"मावशी..." ज्योतीने डोळे मिटले. "मावशी, कुंदन आता नाही ना. मग त्याची हजेरी..."

"तो गया ते माले समजस वं. मीच त्याले पानी पाजं शेवटलं. ती हाजरी त्यानी नई शे, मनी शे. मी आठे घरमा एकलीच ऱ्हास. एखाद रोज हिरवं नई उनं, तं तुना फोन यी, इतलंच मना मनमा व्हतं. आज मी दहा वाजालोंग वाट दखी. तुना फोन उना नई. मंग मी मरसू, ते कोणले समजी?"